शिबिर उठल्यावर त्या मुलांचं कोण?

प्रति,
महाराष्ट्रातील देवस्थानांचे आणि धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त,
लहान मुलांसाठी मोफत शस्त्रक्रिया शिबिरं भरवणाऱ्या सर्व धर्मांच्या संस्थांचे पदाधिकारी,
आणि राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग



दिवाळी सरली की गावोगावच्या चौकांत शिबिरांचे फलक लागतात. दत्तजयंती, नाताळ, माघी गणेशोत्सव, महावीर जयंती, एखाद्या पिराचा उरूस, एखाद्या महाराजांची पुण्यतिथी. निमित्त कोणतंही असो, मजकूर ठरलेला असतो: दुभंगलेले ओठ, चिकटलेली बोटं, भाजल्याचे व्रण यांवर मोफत शस्त्रक्रिया, राहण्या-जेवणाची सोय, येताना रेशनकार्ड आणावे. अशा शिबिरांत मी अनेक वर्षं नोंदणीच्या टेबलावर बसते. नाव, गाव, वय, वजन, मोबाइल नंबर लिहून घ्यायचा, कागदांची पिशवी लावून द्यायची, आणि सुट्टी मिळताना आईला पुढच्या तारखा समजावून सांगायच्या, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण वही माझ्याकडे असते, आणि त्या वहीत जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या कामाविषयी. या महाराष्ट्रात ज्यांच्या घरी दोन वेळची चूल नीट पेटत नव्हती, अशा हजारो घरांतल्या मुलांचे ओठ तुमच्या शिबिरांनी शिवले. पहाटे चारला उठून दोनशे माणसांचा उपमा ढवळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. स्वतःचा दवाखाना चार दिवस बंद ठेवून, पदरच्या पैशाने रात्रीची गाडी पकडून आलेले भूलतज्ज्ञ पाहिले आहेत. शस्त्रक्रियागृहात जाण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या परिचारिका पाहिल्या आहेत; कुणी विठ्ठलाचं नाव घेत असेल, कुणी येशूचं, मी कधी विचारलं नाही. श्रद्धा माणसाला अशा वेळी उभं करते जेव्हा पगार, पद किंवा हुकूम करू शकत नाही. हे मी मनापासून मानते आणि त्याच विश्वासाने तुमच्यापुढे हे मांडते आहे.

पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित साठच्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत. १९७८ साली मोटार अपघातात त्यांच्या शरीराचा काही भाग लुळा पडला. चार वर्षांनी स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज गेला. पुढे हृदयविकाराचे झटके आले. तरी हा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून मुलांचे ओठ शिवत राहिला, २०११ साली जाईपर्यंत. त्यांच्या शिबिरांची व्यवस्था महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेने वर्षानुवर्षं पाहिली आणि त्यांच्यानंतरही परदेशातले सर्जन येत राहिले. त्या काळी शस्त्रक्रिया करणारा हातच दुर्मीळ होता. जिल्ह्याच्या ठिकाणी प्लास्टिक सर्जन नसे. मूल वीस वर्षांचं होईपर्यंत फाटक्या ओठाने जगे आणि लग्नाची वेळ आली की घरचे जागे होत. अशा वेळी बाहेरून सर्जन आणून चार दिवसांत शंभर मुलांना मोकळं करणं हाच एक मार्ग होता, आणि तो बरोबर होता.

आज परिस्थिती बदलली आहे, पण शिबिरं मात्र जुन्याच गणितावर चालली आहेत. दर सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. या कार्यक्रमाची देशातली सुरुवातच फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमधून झाली. स्माइल ट्रेनसारख्या संस्थांच्या मदतीने अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया वर्षभर मोफत होते. शस्त्रक्रिया मिळवणं पूर्वीइतकं अशक्य राहिलेलं नाही. मूल तिथपर्यंत धड अवस्थेत पोचणं आणि तिथून परतल्यावर बोलतं होणं, अडचण आता या दोन जागी आहे. तुमचा पैसा, तुमची माणसं आणि तुमचा शब्द या दोन्ही जागी जवळजवळ नाहीच.

माझ्या वहीत प्रत्येक शिबिराच्या शेवटी दोन याद्या तयार होतात. शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी टाईप होऊन तुमच्या अहवालात जाते, वर्तमानपत्रात जाते. दुसरी यादी ‘अनफिट’ मुलांची. ती वहीतच राहते.

अनफिट म्हणजे तपासणीत नापास. भूल द्यायची तर बाळ किमान दहा आठवड्यांचं हवं, वजन साडेचार किलोच्या पुढे हवं, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास हवं, ही सर्वसाधारण जुनी मोजणी आहे. खोकला नको, ताप नको. भूलतज्ज्ञ ज्या मुलाला नाही म्हणतो ते योग्यच असतं. तिथे भीड घातली की मूल टेबलावरच जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर काय होतं याबद्दल. आईच्या हातात लोहाच्या औषधाची बाटली दिली जाते, ‘वजन वाढवा आणि पुढच्या वर्षी या’ असं सांगितलं जातं, जेवणाचं ताट दिलं जातं आणि गाडीत बसवलं जातं. वजन वाढवा म्हणजे नेमकं काय करा, हे तिला कुणी दाखवत नाही.

टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावर ओढता येत नाही. तोंडात पोकळी धरली जात नाही, त्यामुळे ओढ लागत नाही. दूध नाकातून बाहेर येतं, बाळ ठसकतं, दमतं, झोपी जातं आणि तासाभराने भुकेने पुन्हा रडतं. घरची म्हातारी म्हणते, आईला दूधच नाही. मग वरचं पाणीदार दूध सुरू होतं आणि वजन अडतं. मागच्या एका शिबिरात अशाच परत पाठवलेल्या एका बाळाच्या आईला एका निवृत्त परिचारिकाबाईंनी बाजूला नेलं. स्वतःच्या पिशवीतून बोंडलं काढलं. बाळाला आडवं न घेता मांडीवर जवळजवळ बसतं धरलं, डोकं कोपरावर टेकवलं, आईचं काढलेलं दूध बोंडल्यात घेऊन त्याची चोच ओठाच्या धड बाजूला लावली आणि थेंब थेंब सोडत गेल्या. चार घोट झाले की थांबायचं, पाठ थोपटून ढेकर काढायचा, मग पुन्हा. अर्धा तास लागला. बाळ ठसकलं नाही. ती आई बोंडल्याकडे बघतच राहिली. तसलं बोंडलं तिच्या सासरीही होतं, फडताळात, पितळेच्या भांड्यांमागे. सात महिने ते तिथेच पडून होतं.

तेवढा अर्धा तास तिला बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी मिळाला असता तर ते बाळ अनफिटच्या यादीत आलंच नसतं. त्या अर्ध्या तासाला प्लास्टिक सर्जन लागत नाही, परदेशी पाहुणे लागत नाहीत, मंडप लागत नाही. शिकवलेली एक बाई लागते, आणि तिने त्या घरी जायला हवं.

आता ‘पुढच्या वर्षी या’ याचं काय होतं ते सांगते. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीला उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या तळावर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस मुलाला घेऊन शिबिराला गेलं की खाडा पडतो, आणि मुकादम त्याचे पैसे कापतो. तुमची शिबिरं बरोबर याच महिन्यांत असतात, कारण हवा कोरडी असते, डॉक्टरांना सुट्ट्या असतात आणि मंडप भिजत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर आहे ते त्या वेळी गावात नसतात, आणि तळावरून त्यांना निघता येत नाही. अशा घरांतल्या मुलांची नावं माझ्या वहीत दोन-दोन, तीन-तीन वर्षं ‘गैरहजर’ म्हणून दिसतात. मूल चार वर्षांचं होतं, पाच वर्षांचं होतं, आणि टाळू शिवायचं योग्य वय निघून जातं.

हे वय का महत्त्वाचं ते विश्वस्तांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवतात. टाळू नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, म्हणजे मूल बोलायला लागण्याच्या सुमारास. ओठ सगळ्यांना दिसतो, टाळू कुणाला दिसत नाही. म्हणून आई-बापांची घाई ओठासाठी असते आणि तुमच्या फलकावरचा फोटोही ओठाचाच असतो. ओठ शिवला की घरचे समाधानाने जातात, आणि टाळूसाठी बोलावलं की अर्धेअधिक येत नाहीत. मुलगी असेल तर जास्तच. चेहरा नीट झाला, आता लग्नाला अडचण नाही, असा हिशेब असतो.

पण टाळू उघडी राहिली की बोलणं जातं. प, ब, क, ग, च, स ही अक्षरं म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू फाटकी असली की ती हवा नाकातून निसटते. म आणि न नाकातूनच यायचे असतात, म्हणून ते मात्र स्पष्ट येतात. परिणाम असा की मूल ‘आई’ नीट म्हणतं आणि ‘बाबा’ म्हणायला गेलं की ‘मामा’ येतं. मी ऐकलं आहे. बाप शेजारी बसलेला असतो. शाळेत गेल्यावर या मुलांना ‘गेंगाण्या’ हे नाव पडतं आणि ते दहावीपर्यंत, आणि बऱ्याचदा त्याआधीच सुटलेल्या शाळेपर्यंत, चिकटून राहतं. उशिरा टाळू शिवली तरी जिभेला लागलेल्या चुकीच्या सवयी शस्त्रक्रियेने जात नाहीत. त्या सोडवायला वाचा-उपचार लागतात, आठवड्याला एक-दोनदा, कधी काही महिने, कधी काही वर्षं. त्यातच यांतल्या बहुतेक मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. म्हणून कानही पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. पुढे सात-आठ ते दहा-अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीत हाड बसवायची शस्त्रक्रिया काही मुलांना लागते. दात वेडेवाकडे येतात त्यांचं वेगळंच.

एका शहरातल्या केंद्रात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंजवळ मी एक सकाळ बसले होते. त्यांनी सहा वर्षांच्या मुलाच्या नाकाखाली हातातला लहान आरसा धरला आणि त्याला ‘पपा’ म्हणायला सांगितलं. आरशावर वाफ आली. म्हणजे हवा नाकातून गेली. मग त्यांनी टेबलावर कागदाचे बारीक कपटे पसरले, नाक चिमटीत धरायला सांगितलं आणि तेच अक्षर म्हणायला लावलं. कपटे उडाले. मूल चकित झालं. त्याने नाक सोडलं, पुन्हा प्रयत्न केला, कपटे जागचे हलले नाहीत. पुन्हा नाक धरलं. असं कितीतरी वेळा. शेवटी एकदा नाक न धरता एक कपटा सरकला तेव्हा त्याने आईकडे असं पाहिलं की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. त्या बाईंना त्या केंद्रात मिळणारं मानधन तुमच्या एखाद्या उद्घाटनाच्या मंडपाच्या बिलापेक्षा कमी आहे. हे मी चिडून लिहीत नाही. मंडपाचं बिल मी स्वतः पाहिलं आहे, त्यावरून लिहिते आहे.

आता जे फक्त तुम्हीच करू शकता त्याकडे येते.

नोंदणीच्या टेबलावर जवळजवळ प्रत्येक आई एक वाक्य बोलते, बहुधा विचारण्याआधीच: ग्रहणात भाजी चिरली होती. किंवा सासू सांगते, हिने ग्रहण पाळलं नाही. बाळाचा ओठ ग्रहणाने कापला असं तिला पहिल्या दिवसापासून ऐकवलं गेलेलं असतं. त्यामुळे काही जणींना माहेरी धाडलं जातं, काहींच्या नवऱ्याचं दुसरं लग्न होतं, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी ती नऊ महिने भीतीत काढते. खरं तर बाळाचा वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून दीड-दोन महिन्यांत जुळून झालेला असतो आणि टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं तोपर्यंत नुकतंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही. आनुवंशिकता, काही औषधं, आईचा मधुमेह, गरोदरपणातलं धूम्रपान अशी कारणं त्यामागे असू शकतात, आणि पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतच नाही.

हे आम्ही टेबलावर सांगतो. आशाताई गावात सांगतात. कुणी ऐकत नाही, कारण समोर शास्त्र-पुराणाचा आधार मानला जातो. पण हीच गोष्ट सप्ताहात कीर्तनकारबुवांनी सांगितली, मशिदीत मौलानांनी जुम्म्याच्या नमाजानंतर सांगितली, प्रवचनात महाराजसाहेबांनी सांगितली, तर सासू ऐकते. कुणाच्या श्रद्धेवर घाव घालायची गरज नाही. ‘या आईचा दोष नाही’ एवढं चार शब्दांचं सत्य व्यासपीठावरून म्हणा. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनांतून दारू, कर्ज, अस्वच्छता आणि पशुहत्या यांवर बोलून लोकांना हलवलं. त्यांना कुठली डिग्री लागली नाही. तुमच्याकडे आजही तो अधिकार आहे, आणि तुम्ही तो या मुलांसाठी वापरत नाही.

गाडगेबाबांचं नाव निघालं म्हणून. त्यांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारी माणसं, त्यांत लहान मुलंही, आई-बापांसह तिथे राहतात. परळला पारशी दातृत्वातून १९२९ साली उभं राहिलेलं वाडिया बालरुग्णालय आहे. मिरजेला १८९४मध्ये रुग्णालय काढणारे डॉ. विल्यम वानलेस कॅनडातून आले आणि १९२८पर्यंत या भागात राहिले. ते चार दिवसांच्या शिबिराला आले नव्हते. धर्मभावनेतून उभ्या राहिलेल्या ज्या वैद्यकीय कामांचा लोकांना आजही भरवसा वाटतो, ती सगळी एका जागी ठाण मांडून केलेली आहेत. शिबिर हा त्या कामाचा एक दिवस असू शकतो. आपण त्या एका दिवसालाच काम समजू लागलो आहोत.

फोटोंबद्दलही बोलायला हवं. एका शिबिरात शस्त्रक्रियेआधी मुलांना रांगेत उभं करून, गळ्यात नंबराच्या पाट्या घालून, देणगीदारांसोबत छायाचित्रं काढली गेली. त्यातलं एक छायाचित्र पुढे वर्षभर चौकातल्या फलकावर होतं. ते मूल त्याच चौकातून शाळेत जायचं. डॉक्टरांना नोंदीसाठी आधीचे-नंतरचे फोटो लागतात, ते त्यांच्या फाइलीत राहू द्या. फलकावर तुमच्या इमारतीचा फोटो लावा, देवाचा लावा, मुलाचा नको. दान देणाऱ्याला आपल्या दानाचं सार्थक झालेलं बघायचं असतं हे मला समजतं. त्याला पाच वर्षांनी त्या मुलाच्या तोंडून स्पष्ट ऐकू आलेलं ‘काका’ ऐकवा.

आरोग्य विभागाला वेगळं सांगायचं आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, हृदयातलं छिद्र ही सगळी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. कागदावर यंत्रणा उत्तम आहे. पण जन्मतः दिसणारा दोष बाळंतपणाच्या खोलीतच नोंदवला गेला आणि त्या क्षणी कुणीतरी आईपाशी जाऊन बसलं, तर पथकाची वाट बघायची वेळच येणार नाही. प्रसूतिगृहापासून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंतचा निरोप आज बऱ्याचदा वाटेतच हरवतो. त्या केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञाचं पद असतं. जिथे ते रिकामं आहे तिथे आधी ते भरा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणदोषांवरचं मनुष्यबळ तयार करते. आपल्या राज्यात ही माणसं घडतात आणि आपल्याच तालुक्यांत ती पोचत नाहीत, हे बदलणं तुमच्या हातात आहे. आणि शिबिराला परवानगी देताना आयोजकांकडून पुढच्या दोन वर्षांची पाठपुराव्याची योजना लेखी मागा. ती नसेल तर परवानगी देऊ नका. मला माहीत आहे की याने काही शिबिरं बंद पडतील. पडू द्या.

धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना कायद्याची आठवण करून द्यायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार तुमच्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या दारावर देवाचं किंवा संताचं नाव आहे. माझ्या ओळखीच्या एका आईला, पिवळं रेशनकार्ड हातात असताना, अशाच एका दारावरून ‘खाट नाही’ म्हणून दोनदा परत पाठवलं गेलं. त्याच आठवड्यात त्याच रुग्णालयाच्या आवारात महाआरोग्य शिबिराचा मंडप उभा राहत होता. मंडपापेक्षा ती खाट मोठी सेवा आहे.

देवस्थानांकडे माझं मागणं पैशापेक्षा माणसांचं आहे. शेगावच्या संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनामोबदला काम करतात, ही शिस्त सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. इतर देवस्थानांतही रांग लावणारी, प्रसाद वाटणारी, चपला सांभाळणारी माणसं आहेत. त्यांतल्या काहींना एकेक मूल द्या. एका सेवेकऱ्याकडे एक मूल, त्याच तालुक्यातलं. बाळाचं वजन महिन्याला कळलं पाहिजे. टाळूच्या तारखेला गाडी दारात उभी राहिली पाहिजे. खाडा पडणार असेल तर तो भरून दिला पाहिजे. दोन माणसांची चार दिवसांची मजुरी ही तुमच्या हिशेबात फारशी मोठी रक्कम नाही. वाचा-उपचाराला शहरात राहावं लागलं तर भक्तनिवासातली एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवा, आठवडाभर, बिनभाड्याची. ज्यांना शहरात येणं जमतच नाही त्यांच्यासाठी मोबाइलवरून व्हिडिओद्वारे वाचा-उपचार होऊ शकतात. त्यासाठी लागणारा एक शांत कोपरा आणि चालू इंटरनेट गावच्या देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात सहज मिळेल. ऊसतोडीच्या हंगामात तळावरच जाऊन तपासणी करा, कारखान्यांशी बोला; त्यांच्या अध्यक्षांपैकी बरेच जण तुमच्याच विश्वस्त मंडळांवर आहेत.

हे सगळं एकदम होणार नाही, मला कल्पना आहे. पण तुमच्या वार्षिक अहवालातली एक गोष्ट या वर्षीच बदलता येईल. ‘इतक्या शस्त्रक्रिया झाल्या’ याच्या खाली आणखी तीन आकडे छापा: किती मुलं अनफिट म्हणून परत गेली, त्यांतल्या किती जणांची शस्त्रक्रिया पुढच्या सहा महिन्यांत झाली, आणि टाळू शिवलेल्या किती मुलांचे वाचा-उपचार सुरू आहेत. पहिल्या वर्षी ते आकडे तुम्हाला आवडणार नाहीत. तरी छापा. देणगीदार पळून जातील ही भीती मला खोटी वाटते. जो माणूस देवाच्या नावाने देतो त्याला खरं सांगितलेलं चालतं.

मी वही घेऊन येते. त्यातली अनफिट आणि गैरहजर मुलांची यादी, गावांसह, ज्या संस्थेला हवी असेल तिला द्यायला तयार आहे, आई-बापांना विचारून. या वर्षीच्या शिबिराचं पत्रक छापायला देण्याआधी ती यादी मागवून घ्या, आणि नवी नोंदणी सुरू करण्याआधी त्या मुलांच्या घरी माणूस पाठवा.

आपली नम्र,
नोंदणी टेबलावरची एक स्वयंसेविका